आरोग्यविचार : पापणीचा सूतभर फरक

मुलीचा फोटो स्थळाकडे पाठविण्याची वेळ आली की आमच्या घरांतून एक डोळा लहान, एक पापणी खाली, अशी चर्चा हमखास निघते. वास्तविक आरसा आपणांस आपली उलटी प्रतिमा दाखवितो. तिचीच सवय झाल्यामुळे फोटोतील सुलटा चेहरा वाकडा भासतो. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला चेहरा निसर्गात जवळजवळ नाहीच.

या बाबतीत आयर्लंडचे उदाहरण उद्बोधक आहे. त्या देशाच्या पश्चिमेस मेयो परगण्यात वेस्टपोर्ट हे लहानसे गाव आहे. ॲलर्गन कंपनीने तेथे १९७७ साली कारखाना काढला. जगभर विकले जाणारे बोटॉक्स तेथेच तयार होते. अमेरिकेत १९८९ साली या औषधास प्रथम मान्यता मिळाली ती तिरळेपणा व पापण्यांचे अनावर मिटणे या विकारांसाठी. भुवयांमधील आठ्यांसाठी ती २००२ साली मिळाली. मात्र भुवयांजवळ टोचलेले हे औषध आजूबाजूस पसरले तर पापणी काही आठवडे खाली येऊ शकते. म्हणजे नसलेला दोष पदरी पडावयाचा!

त्याच देशात डब्लिनच्या मीथ इस्पितळातील डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली गळ्यातील थायरॉइड ग्रंथी वाढलेल्या व छाती धडधडणाऱ्या स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात डोळे मोठे दिसू लागलेल्या एका स्त्रीचाही उल्लेख होता. हा विकार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एक डोळा दुसऱ्याहून मोठा दिसू लागण्याचे ते एक महत्त्वाचे कारण होय. अशा वेळी सौंदर्यतज्ज्ञाकडे न जाता आधी रक्ततपासणी करावी.

तेव्हा पाहावयाचे ते हे की फरक जुना आहे की नवा. बालपणीच्या फोटोंतही तो दिसत असेल आणि दृष्टीस अडथळा नसेल, तर शस्त्रक्रियेची निकड नाही. तान्ह्या मुलाची पापणी बाहुली झाकीत असेल तर त्या डोळ्याची दृष्टी कायमची मंद राहू शकते. तेथे विलंब नको. मोठ्या माणसाची पापणी एकाएकी पडली, बाहुल्या लहानमोठ्या झाल्या, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या किंवा तोंड वाकडे झाले, तर तत्काळ इस्पितळ गाठावे.

राहता राहिला स्थळाचा प्रश्न. मुलीला स्वतःलाच फरक खटकत असेल तर डॉक्टरांशी बोलून तिने निर्णय घ्यावा. वडीलधाऱ्यांनी तो तिच्यावर लादू नये. जे घर आज पापणीचा सूतभर फरक मोजते, ते उद्या आणखीही काही मोजील.