अवजार कोणाच्या मालकीचे?

१९८३ सालच्या सप्टेंबर महिन्यात दोन घटना घडल्या. पहिली भारतातील. बँकांच्या व्यवस्थापनांचा संघ आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात संगणकीकरणासंबंधी करार झाला आणि यंत्रे कोठे व किती येणार, या प्रश्नावर कामगारांचे म्हणणे ऐकून घेणे मालकांना भाग पडले. दुसरी घटना अमेरिकेतील. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत काम करणारा तीस वर्षांचा एक प्रोग्रामर, रिचर्ड स्टॉलमन, याने जाहीर केले की युनिक्सच्या तोडीची एक संपूर्ण संगणकप्रणाली लिहिण्याचे काम तो हाती घेत असून, ती वापरण्यास, वाटण्यास व बदलण्यास सर्वांना मोकळीक राहील. पहिल्या घटनेची नोंद कामगार चळवळीच्या इतिहासात आहे, दुसरीची नाही. यंत्र किती हात रिकामे करील, हा चळवळीचा प्रश्न होता. यंत्राला दिली जाणारी आज्ञा कोणाच्या मुठीत राहील, हा त्या प्रोग्रामरचा प्रश्न होता. वस्तुतः हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, आणि दुसऱ्या भागाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत आज शाळेपासून तेलशुद्धीकरण कारखान्यापर्यंत सर्वत्र मोजावी लागत आहे.

सॉफ्टवेअरचा विषय निघाला, की कित्येक जुने कार्यकर्ते हात झटकतात. हा तंत्रज्ञांचा छंद आहे, कष्टकऱ्यांच्या भाकरीशी त्याचा संबंध काय, असे ते विचारतात. संबंध सरळ आहे. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांची मालिका. प्रोग्रामर ती माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो आणि मग तिचे यंत्राला कळणाऱ्या अंकांत रूपांतर होते. कंपनी गिऱ्हाइकाला देते तो केवळ अंकांचा गठ्ठा. वाचता येणारी मूळ संहिता ती स्वतःच्या तिजोरीत ठेवते. परिणामी, विकत घेतलेले अवजार उघडून पाहता येत नाही, मोडले तर दुरुस्त करता येत नाही आणि शेजाऱ्याला देणे हा गुन्हा ठरतो. सुताराला रंधा विकावा आणि पाते लावण्याचा हक्क मात्र दुकानदाराने राखून ठेवावा, तशी ही तऱ्हा. दरसाल नव्याने बियाणे विकत घ्यावे लागणाऱ्या विदर्भातील कापूस उत्पादकाला तरी ती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

ही व्यवस्था सृष्टिनियमाने आलेली नाही, तर काही वर्षांत घडवली गेली. प्रारंभीच्या काळात विद्यापीठांतील प्रोग्रामर परस्परांच्या आज्ञावल्या वाचीत, सुधारीत आणि वाटून घेत. १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून खुले पत्र लिहिले आणि आपल्या कंपनीच्या बेसिकच्या प्रती काढणाऱ्यांना चोर ठरवले. ते बेसिक तयार करताना वापरलेल्या संगणकवेळेचे मोल ४० हजार डॉलरहून अधिक भरते, असा हिशेबही त्यांनी त्या पत्रात मांडला होता. मात्र ते काम प्रामुख्याने हार्वर्ड विद्यापीठाच्या संगणकावर झाले होते आणि त्या संगणकामागे अमेरिकी संरक्षण खात्याचा, म्हणजे करदात्यांचा पैसा होता. खर्च समाजाचा आणि मालकी खाजगी, हे भांडवलशाहीचे जुने सूत्र या नव्या उद्योगाच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेले आहे.

स्टॉलमन यांना या बदलाचा चटका बसला तो एका छपाई यंत्रामुळे. प्रयोगशाळेतील जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत त्यांनी सुधारणा केली होती. कागद अडकला, की वापरणाऱ्यांना तशी सूचना मिळे. १९८० च्या सुमारास नवे यंत्र आले, पण त्याची मूळ संहिता आली नाही. ज्याच्याकडे ती होती त्या दुसऱ्या विद्यापीठातील तज्ज्ञाने गुप्ततेचा करार पुढे करून ती देण्यास नकार दिला. इतर कोणी चरफडत बसला असता. स्टॉलमन यांनी त्या नकारात सहकार्याची बंदी पाहिली. १९८४ च्या जानेवारीत त्यांनी नोकरी सोडली. पुढे इमॅक्स हा संपादक, जीसीसी हा कंपायलर आणि इतर असंख्य साधने उभी राहिली. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिलेला लिनक्स हा गाभा त्यांना येऊन मिळाला आणि संपूर्ण मुक्त प्रणाली साकार झाली. २०१७ सालापासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. फुकटचे ते हलके, असे म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरेसे आहे.

तथापि ‘फुकट’ हा येथे मुद्दाच नाही. स्टॉलमन यांचा आग्रह किंमतीचा नसून हक्काचा आहे: हव्या त्या कामासाठी वापरण्याचा, अभ्यासून बदलण्याचा, प्रती वाटण्याचा आणि सुधारलेल्या प्रती वाटण्याचा. मुक्त सॉफ्टवेअर विकण्यास त्यांची हरकत नाही. १९८९ मध्ये काढलेल्या सार्वजनिक परवान्याने त्यांनी मालकी हक्काच्या कायद्याचेच शस्त्र उलटे फिरवले: या आज्ञावलीत बदल करून ती वाटणाऱ्याने पुढच्यालाही तेच हक्क दिले पाहिजेत. मग प्रोग्रामरने खायचे काय, हा प्रश्न अपेक्षितच होता. १९८५ च्या जाहीरनाम्यात त्यावर दिलेल्या अनेक उत्तरांपैकी एकाचा विसर त्यांच्या चाहत्यांनाही पडला आहे: संगणकाच्या विक्रीवर कर बसवावा आणि त्या निधीतून सार्वजनिक संस्थेमार्फत सॉफ्टवेअरनिर्मितीस पैसा द्यावा. समाजवादाचा कोणताही दावा न करणाऱ्या या माणसाला बाजाराबाहेरची वाट दिसली. कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्यांना मात्र ती दिसली नाही.

शिक्षणाविषयीचे त्यांचे मतही तितकेच रोखठोक आहे. चांगली आज्ञावली लिहिण्यास शिकायचे तर पुष्कळ आज्ञावल्या वाचाव्या लागतात आणि पुष्कळ लिहाव्या लागतात. ज्या शाळेत मूळ संहिता वाचण्यास बंदी, तेथे जिज्ञासू मुलाच्या प्रश्नावर शिक्षकापाशी एकच उत्तर उरते: ते गुपित आहे. कंपन्या शाळांना स्वस्तात किंवा मोफत प्रती देतात ते दातृत्व नव्हे. व्यसनाची पहिली मात्रा नेहमीच फुकट असते. ज्या महाराष्ट्रात अक्षरज्ञान ही मूठभरांची मिरास होती आणि जोतीराव-सावित्रीबाईंना १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढताना त्या मिरासदारीशी झुंजावे लागले, तेथे या युक्तिवादाचे मर्म चटकन ध्यानी यावयास हवे होते. झाले उलटेच. येथे शासकीय नोकरीच्या अटीपायी लाखो तरुणांनी एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र मिळवले आणि संगणक म्हणजे विंडोज, लेखन म्हणजे वर्ड, हे समीकरण त्यांच्या मनावर ठसले. त्यांना मिळाले ते ज्ञान कमी आणि एका कंपनीच्या मालाची सवय अधिक.

हे अटळ होते काय? केरळकडे पाहावे. तेथेही शालेय संगणकशिक्षणाचा आरंभ एका कंपनीच्या मालाभोवतीच झाला होता. शिक्षकांच्या संघटनेने आक्षेप घेतला, मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी शिक्षकांना प्रशिक्षित केले आणि काही वर्षांत सरकारी शाळांतील अध्यापन व परीक्षा मुक्त प्रणालीवर आल्या. सत्तेवर आघाडी कोणतीही असो, ते धोरण टिकले. हा चमत्कार नव्हे. संघटित शिक्षकांनी अवजाराच्या मालकीचा प्रश्न स्वतःचा मानला, त्याचे हे फळ होय.

आता चालू घडामोडींकडे वळावे. यंत्र विकून झाल्यावरही त्याची दोरी कंपनीच्या हाती राहते, असा इशारा स्टॉलमन देत आले आणि वर्षानुवर्षे त्यांना विक्षिप्त ठरवले गेले. वाचण्यासाठी पुस्तक दुसऱ्याला देणे हा गुन्हा ठरेल अशा जगाची कथा त्यांनी १९९७ मध्ये लिहिली. २००९ च्या जुलैत ॲमेझॉन कंपनीने विकलेली पुस्तके गिऱ्हाइकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली. ती जॉर्ज ऑर्वेलची होती, हा नियतीचा विनोद. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार काढून घेतला आणि नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारी धडधाकट यंत्रे कंपनीच्या लेखी निकामी झाली. याहून बोलके उदाहरण खुद्द भारतात घडले. २०२५ च्या जुलैत युरोपीय संघाने गुजरातमधील वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध घातले. त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा रोखल्या. ना भारतीय न्यायालयाचा आदेश, ना भारतीय कायद्याचा भंग. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाल्या. रशियन भांडवलाच्या या कंपनीसाठी कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण कळ दाबून जे कारखान्याबाबत करता आले, ते रुग्णालयाबाबत, जिल्हा परिषदेबाबत, वीज मंडळाबाबत करता येणार नाही, याची हमी कोणी द्यावी?

राज्यकर्त्यांनी यावर काढलेला उपाय स्वदेशीचा. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्री झोहो या भारतीय कंपनीच्या साधनांचा पुरस्कार करू लागले. परंतु संहिता पूर्वीप्रमाणेच कुलपात राहणार असेल, तर बदलले काय? गोऱ्या साहेबाच्या खुर्चीत काळा साहेब बसला म्हणजे स्वराज्य येत नाही, हा धडा या देशाला नव्याने शिकवावा लागू नये. केंद्र सरकारचे २०१५ चे मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण कागदावर आहेच. पण अपवादाची वाट त्यात खुली ठेवली असल्याने चुकारांची सोय झाली आहे.

स्टॉलमन यांच्या विचाराच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. हा लढा त्यांनी मुख्यतः व्यक्तीच्या विवेकाचा आणि परवान्यातील कलमांचा मानला. भांडवलाने त्यातूनही वाट काढली. १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ हा शब्द पुढे करून स्वातंत्र्याची भाषा वगळण्यात आली आणि उपयुक्ततेची तेवढी ठेवण्यात आली. हजारोंच्या श्रमांतून उभ्या राहिलेल्या लिनक्सच्या पायावर वाढलेली रेड हॅट ही कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरना घेतली. मुक्त साधने वापरून मोठ्या कंपन्यांनी दूरस्थ संगणकांची कोठारे उभारली; आज्ञावली तेथेच चालते, कोणाला वाटली जात नाही, म्हणून मूळ परवान्याचे बंधन लागू होत नाही. २००७ च्या ॲफेरो परवान्याने ही फट बुजवण्याचा प्रयत्न झाला, पण तो स्वीकारणारे थोडे. आता तर जगभरच्या प्रोग्रामरांनी खुलेपणाने ठेवलेल्या आज्ञावल्यांवर पोसलेली कृत्रिम बुद्धिमत्ता त्यांनाच मासिक वर्गणीने विकली जात आहे. सामाईक कुरण राखायचे, तर कुंपण घालणाऱ्याला रोखणारी संघटित शक्ती लागते. नुसता सद्विवेक पुरत नाही.

दुसरी मर्यादा व्यक्तिनिष्ठेची. अमेरिकेतील एका गाजलेल्या लैंगिक शोषण प्रकरणासंबंधी केलेल्या लेखनावरून गदारोळ झाल्यानंतर २०१९ च्या सप्टेंबरात स्टॉलमन यांना मॅसॅच्युसेट्सची संस्था आणि स्वतः स्थापिलेले प्रतिष्ठान, दोन्हींतील पदे सोडावी लागली. २०२१ मध्ये ते प्रतिष्ठानच्या मंडळावर परतले, तेव्हा चळवळ दुभंगली. स्त्रियांना ज्या वर्तुळात निर्भयपणे वावरता येत नाही, ते स्वातंत्र्याचे नाव कोणत्या तोंडाने घेणार? माणसाचे दोष झाकू नयेत आणि त्या दोषांचे निमित्त करून त्याने मांडलेला प्रश्नही गाडू नये.

संघटित शक्ती काय करू शकते, याचा दाखला भारताच्याच संसदेत आहे. २००४ च्या डिसेंबरातील वटहुकुमाने सॉफ्टवेअरवरील पेटंटांना मागल्या दाराने वाव दिला होता. डाव्या पक्षांनी दबाव आणला, मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी बाजू लावून धरली, आणि २००५ च्या कायद्यातून ती तरतूद गळाली. प्रोग्रामरचा प्रश्न आणि चळवळीची ताकद एकत्र आली, की मक्तेदारीला माघार घ्यावी लागते.

तेव्हा मागण्याही तशाच नेमक्या हव्यात. जनतेच्या पैशाने लिहिली गेलेली प्रत्येक आज्ञावली जनतेस वाचण्यास खुली असावी. शासकीय शाळांत शिकवले जाणारे सॉफ्टवेअर मुक्तच असावे आणि त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण मिळावे. नोकरीसाठीच्या संगणक परीक्षेत एका कंपनीच्या मालाची परीक्षा होऊ नये. आणि ज्या कामगार संघटनांची सभासद नोंदणी, हिशेब व पत्रव्यवहार आज ज्यांच्याविरुद्ध लढायचे त्यांच्याच कोठारांत पडून आहे, त्यांनी सुरुवात स्वतःच्या कचेरीपासून करावी. १९८३ मध्ये कर्मचाऱ्यांनी यंत्रांच्या संख्येवर आपले म्हणणे मान्य करवून घेतले. त्या यंत्रांच्या पोटातील आज्ञांवर हक्क सांगण्याचे काम बाकी आहे.