ओपन किचन नेमकं कोणासाठी ओपन?

ओपन किचन ही बिल्डरने वाचवलेली एक भिंत आहे आणि आपण ती लाइफस्टाइल म्हणून विकत घेतो. पुनावळ्यातल्या आमच्या ४१ चौरस मीटरच्या वन बीएचकेचं किचन आम्ही उखडून नव्याने बसवलं, तेव्हापासून माझं हे मत पक्कं झालंय.

आधी भिंतीचा हिशोब करू. आतली भिंत म्हणजे ब्लॉक, प्लास्टर, रंग, दाराची चौकट आणि तेवढे मजुरीचे दिवस. रेराच्या व्याख्येत कार्पेट एरियात घरातल्या आतल्या भिंतींची जागाही धरलेली असते. म्हणजे भिंत बांधली काय नि गाळली काय, ब्रोशरवरचा आकडा तोच राहतो. खर्च मात्र वाचतो, वर सॅम्पल फ्लॅटमधला हॉल ऐसपैस दिसतो. त्या सॅम्पल फ्लॅटमध्ये कधी कोणी बोंबील तळलेले नसतात. ओट्यावर एक फुलदाणी आणि प्लॅस्टिकची लिंबं, एवढाच तिथला स्वयंपाक.

नॅशनल बिल्डिंग कोड याबाबत शहाणा आहे. जेवायला वेगळी जागा असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर हवं आणि तिथेच जेवायचं असेल तर किमान ७.५, असं २०१६चा कोड सांगतो. तर्क सोपा आहे: एका जागेत जितकी जास्त कामं, तितकी जागा मोठी हवी. आपल्या वन बीएचकेंमध्ये याच्या उलट चालतं. हॉलच्या एका भिंतीला ओटा चिकटवायचा आणि त्याच हॉलमध्ये सोफा, टीव्ही, जेवायचं टेबल, चपलांचा रॅक आणि वर्क फ्रॉम होमचा डेस्क कोंबायचा. कामं वाढतात, जागा आहे तेवढीच राहते आणि या प्रकाराला स्पेशियस म्हणायचं.

आता हवेबद्दल. ओपन किचन ज्या घरांच्या फोटोंमधून आपल्याकडे आलं, तिथे रोज दोन वेळा कडकडीत तेलात मोहरी आणि मिरच्या पडत नाहीत. गॅस जळताना नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. तेल तापलं की त्याचे अतिसूक्ष्म कण हवेत जातात. हे बंद स्वयंपाकघरातही होतं, पण तिथे खिडकी, एक्झॉस्ट फॅन आणि लोटायला दार असतं. इथे ठेच्याचा ठसका थेट सोफ्याच्या कापडात, पडद्यात आणि बेडरूममधल्या उशीत जातो.

यावर इंटिरिअरवाल्यांकडे एकच उत्तर असतं: चिमणी. कसली चिमणी, हे मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत. डक्टवाली चिमणी हवा बाहेर फेकते. बिनडक्टची चिमणी हवा आत ओढते, जाळीत तेल आणि कोळशाच्या फिल्टरमध्ये थोडा वास अडवते आणि उरलेली हवा परत घरातच सोडते. वाफ आणि गॅसच्या ज्वलनातली घाण बऱ्याच अंशी तिथेच राहते. खोक्यावर छापलेला घनमीटर प्रतितासचा आकडा बघून भुलायचं नाही, कारण डक्ट जितका लांब आणि त्याला वळणं जितकी जास्त, तितकी प्रत्यक्षातली ओढ कमी होते. आम्हाला साडेतीन लाखांचं कोटेशन देणाऱ्या डिझायनरने डक्ट दिसायला वाईट म्हणून बिनडक्टची चिमणी सुचवली होती. कोटेशनमध्ये बिनहँडलची शटर्स होती, प्रोफाइल लाइट होते, ब्रेकफास्ट काउंटरही होतं. धूर कुठे जाणार, याची ओळ नव्हती. बॅकएंडचा पत्ता नसताना नुसता लॉगिन स्क्रीन रंगवून दाखवणाऱ्या डेमोसारखं हे आहे.

धुराचा प्रश्न पैसे टाकून सुटतो. दुसरा प्रश्न तसा सुटत नाही, आणि माझी खरी तक्रार त्याबद्दल आहे.

ओपन किचनच्या बाजूने सगळ्यात दमदार मुद्दा असा: जुन्या घरांत बाई मागच्या अंधाऱ्या खोलीत एकटी राबायची, भिंत पडली आणि ती माणसांत आली. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. साताऱ्यातल्या आमच्या घरात बैठकीच्या खोलीत हशा पिकला की आई आतून विचारायची, "काय झालं गं?" आणि तिला सांगेपर्यंत विनोद शिळा झालेला असायचा. आमचं किचन पहिल्यांदा पाहून ती म्हणाली, "बरंय, तुला सगळं ऐकू तरी येतं."

ऐकू येतं, हे खरं. पण हॉलमध्ये बसलेल्यांनाही मी दिसते. पाहुणे सोफ्यावर बसतात, मी ओट्याशी उभी असते आणि माझी पोळी किती गोल आहे, मी तेल किती घालते, सिंकमध्ये सकाळचं खरकटं आहे की नाही, हे सगळं त्यांच्यासमोर असतं. नवरा त्यांच्याशी बोलत बसला तर तो यजमान ठरतो. मी बोलत बसले तर "अगं, चहाचं काय?" आईच्या स्वयंपाकघरात एकटेपणा होता, पण तिथे ती कपाळाला आठ्या घालू शकायची, दोन मिनिटं डब्यावर बसू शकायची, पसारा तसाच टाकून बाहेर येऊ शकायची. माझ्या किचनमध्ये तीही सोय नव्हती.

भिंत पडल्याने काम वाटलं जातं, हा निव्वळ भाबडेपणा आहे. सरकारच्या २०१९च्या टाइम यूज सर्व्हेनुसार सहा वर्षांवरच्या ८१.२ टक्के बायकामुली रोज बिनपगारी घरकाम करतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण २६.१ टक्के आहे. जे करतात त्यांच्यातही बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ९७. हा फरक भिंतीमुळे पडलेला नाही, त्यामुळे भिंत पाडून तो भरूनही निघणार नाही. सोफ्यावरून ओटा दिसतो म्हणून कोणी उठून भांडी घासत नाही.

शंभर वर्षांपूर्वी याचा जास्त विचार झाला होता. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईने फ्रँकफर्टमधल्या कामगार वसाहतींसाठी एक छोटं किचन आखलं, साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं. तशी सुमारे दहा हजार किचन्स बांधली गेली. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ त्यातच आहे. एक एक पाऊल मोजून केलेलं डिझाइन, आणि बाजूच्या खोलीत खेळणाऱ्या मुलांवर लक्ष राहावं म्हणून मध्ये रुंद सरकतं दार. हवं तेव्हा उघडं, हवं तेव्हा बंद. त्यात खोट एकच होती: आत एकच माणूस मावायचं, आणि ते माणूस म्हणजे बाईच, असं धरलेलं होतं. आपण त्यातली शटर्स आणि ड्रॉवर उचलले, एकाच माणसाचा ओटाही उचलला आणि दार तेवढं सोडून दिलं.

आम्ही तीन गोष्टींवर पैसे घातले. एक, डक्टवाली चिमणी, ड्राय बाल्कनीच्या खिडकीतून एकाच वळणात बाहेर काढलेली. डक्ट दिसतो, दिसू दे. दोन, ओटा आणि हॉल यांच्यामध्ये काचेचं सरकतं दार. फोडणीच्या वेळी लोटायचं, गप्पांच्या वेळी उघडायचं, आणि लोटायचं की उघडायचं हे ओट्याशी उभं असेल त्याने ठरवायचं. तीन, ब्रेकफास्ट काउंटर रद्द करून त्या पैशांत ओटा एल आकारात वाढवला, म्हणजे एक जण कणीक मळत असताना दुसऱ्याला भाजी चिरायला जागा मिळते. ही दुसरी बाजू नवऱ्याच्या उंचीप्रमाणे चार इंच उंच घेतली. "ओटा खूप खाली आहे, पाठ दुखते" हे कारण त्यामुळे कायमचं निकालात निघालं. शटर्स साधी आहेत, हँडलवाली. पीठ लागलेल्या हातांनी बिनहँडलचं शटर उघडून दाखवणाऱ्याला मी चहा पाजेन.

कोणी म्हणेल, एवढ्या लहान घरात दार लावलं की कोंडल्यासारखं वाटेल. काचेतून उजेड येतो, आणि दार दिवसातून फार तर तासभर बंद असतं. तो तासभर दार लोटण्याची मुभा ज्या घरात नाही, तिथे कोंडी झालीच आहे, फक्त ती फोटोत दिसत नाही.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅटच्या ओट्याशी दोघं जण शेजारी शेजारी उभे राहून बघा. कोपर कोपराला लागतं का? चिमणीचा डक्ट बाहेर कुठून काढायचा, ते विचारा. दार लावायला जागा सोडली आहे का, ते बघा. सेल्सवाला व्ह्यू दाखवायला बाल्कनीत बोलवेल. जाऊ नका, उत्तर मिळेपर्यंत ओट्यापाशीच उभे राहा.