डोळ्यांवर हेडसेट चढवण्याआधी

वाढदिवसाला सायकलऐवजी ‘व्हीआर’ हेडसेट मागण्याचे दिवस आले आहेत. २००९ साली एनआरसी कारखाना बंद पडल्यानंतर मोहने परिसरातल्या अनेक घरांना पै-पैचा हिशेब करावा लागला. तरीही मुलांचा हट्ट कोणत्याच घराला चुकत नाही. दुकानदार बॅटरी, मेमरी आणि गेम यांबद्दल भरभरून सांगतो. पण घरच्यांचे प्रश्न वेगळे असतात, आणि त्यांची उत्तरे पैसे मोजण्याआधीच मिळायला हवीत.

पहिला प्रश्न असतो, डोळे बिघडतील का? यातल्या अनेक हेडसेटना संगणक लागत नाही; पडदा आणि प्रोसेसर त्यांतच असतात. पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असला, तरी भिंगांमुळे चित्र मीटरभर किंवा त्याहून लांब असल्यासारखे दिसते. त्यामुळे मोबाइल नाकाशी धरण्याइतका जवळचा ताण पडत नाही. ताण येतो तो दुसऱ्या कारणाने. चित्रातली वस्तू जवळ आली की दोन्ही डोळे आत वळतात, पण त्यांचा फोकस मात्र ठरलेल्या अंतरावरच राहतो. ही ओढाताण डोके दुखवते, डोळे शिणवते. काही वेळ विश्रांती घेतली की बहुतेकांना बरे वाटते.

मग कितव्या वर्षी द्यावा? मेटा कंपनीने ‘क्वेस्ट’साठीची १३ वर्षांची अट २०२३ मध्ये १० वर आणली, तीही पालकांच्या ताब्यातील खात्यासाठी. सोनीच्या प्लेस्टेशन व्हीआरची मर्यादा १२ वर्षे आहे. वयाची अट खाली आली ती कंपनीच्या निर्णयाने. ते वैद्यकीय अभयपत्र नव्हे. लहान मुलांच्या बुबुळांमधले अंतर कमी असते. ‘क्वेस्ट ३एस’मध्ये भिंगांचे अंतर ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर असे तीनच टप्प्यांत बदलते. भिंगे डोळ्यांसमोर नीट बसली नाहीत, तर चित्र अंधूक दिसते.

गरगरते का? अनेकांना गरगरते. डोळे सांगतात ‘धावतोय’, कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते ‘बसलोय’. घाटात एसटी लागते, त्यातलाच हा प्रकार. मळमळ सुरू झाली की लगेच थांबावे. ‘सवय होईल’ म्हणून रेटू नये. सुरुवात दहा-पंधरा मिनिटांची, बसून आणि संथ दृश्यांची असावी. हेडसेट काढल्यावर लगेच दुचाकी चालवू नये. फेफरे येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो लावूच नये. पेसमेकर असलेल्यांनीही आधी विचारावे, कारण या उपकरणांत चुंबक असतात.

जागेचा प्रश्न तर चाळीतल्या घरात सर्वांत मोठा. उभे राहून खेळायला साधारण दोन मीटर लांब-रुंद मोकळी जागा लागते. खाट, कपाट, गॅसची शेगडी आणि डोक्यावरचा पंखा असलेल्या खोलीत हात उगारणे म्हणजे जखमेला आमंत्रण. तिथे बसूनच वापरावा. एकच हेडसेट घरभर फिरत असेल, तर घामाने भिजलेली गादी पुसून वाळवावी. डोळे आलेल्याने त्याला हात लावू नये.

हे तंत्र निरुपयोगी मात्र नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी आणि ४ ते ७ वर्षांच्या मुलांच्या आळशी डोळ्यासाठी व्हीआरवर आधारित उपचारांना परवानगी दिली. पण ते उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतात. खेळण्याशी त्यांची गल्लत नको.

आळशी डोळ्याचा उल्लेख आला, तो महत्त्वाचा. इतरांना दिसणारी खोली एखाद्या मुलाला हेडसेटमध्ये दिसत नसेल किंवा दोन-दोन प्रतिमा दिसत असतील, तर दोष यंत्राला देऊन थांबू नये. एक डोळा कमजोर असू शकतो, आणि मूल एका डोळ्यावर भागवत असल्याने घरी ते कळत नाही. उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाले, तर सर्वाधिक गुण येतो.

म्हणून खरेदीची यादी उलटी लावावी. आधी मुलाची नेत्रतपासणी, लागला तर चष्मा, रोज दोन तास उघड्यावर खेळ. हेडसेट त्यानंतर, आणि तोही विकत घेण्याआधी कुणाकडे तरी वीस मिनिटे लावून पाहावा.