वंशावळींत कोण नसतें ?

आपल्या कुळाचा इतिहास लिहावयास बसणारा गृहस्थ प्रथम वंशावळ धुंडाळतो. तें योग्यच, परंतु ती मुळांत कागदावर कां आली, हेंही त्यानें पाहावें. कुळकर्ण, जोशीपण किंवा इनाम ह्यांच्या वाट्याचा तंटा उपस्थित झाला, म्हणजे वारसांचीं नांवें मांडून दाखवावीं लागत. ज्यांचा हक्क नाहीं, त्यांना तेथें स्थान कोठून असणार ? म्हणून अशा वंशावळींत लेकी नसतात, सुना नसतात. निपुत्रिक वारलेल्याची रेघ तेथेंच तुटते.

आम्हां केज-अंबेजोगाईकडील मंडळींस आणखी एक अडचण आहे. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. जुने कागद मोडींत, अलीकडचे पुष्कळसे उर्दूंत, आणि सन फसली. त्या राज्याच्या फसली सनांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. १३५७ फसलीचा आरंभ १९४७ च्या ऑक्टोबरांतला. पेशवाईंतील शुहूर सन निराळा, व तोही अरबी शब्दांत लिहिलेला. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे ११७२. त्यांत ५९९ मिळवून १७७१, आणि सन मृगापासून मोजीत असल्यामुळें पौषानंतरची मिति असल्यास बहुधा १७७२. अंबेजोगाईस निजामशाहींत मोमिनाबाद म्हणत, हें ठाऊक नसल्यास घरचाच कागद परगांवचा म्हणून बाजूस पडावयाचा ! २०२३ मध्यें न्यायमूर्ति संदीप शिंदे समितीनें मराठवाड्यांतील कुणबी नोंदी शोधावयास घेतल्या, तेव्हां मोडी व उर्दू वाचणारांची किंमत सर्वांस कळली. एके काळीं मोडी गांवोगांवच्या कुळकर्ण्यांच्या हातांत बसलेली होती.

दप्तरांत नाहीं तें कित्येकदां श्राद्धाच्या संकल्पांत सांपडतें. तेथें पिता, पितामह, प्रपितामह ह्यांच्यासह माता, पितामही, प्रपितामही येतात. मातामहाकडील तीन पिढ्या येतात. महालयांत चुलते, मामा, आत्या, मावशी ह्यांचेंही स्मरण होतें. ज्या घरीं हा विधि अखंड चालला आहे, त्यांनीं उपाध्यायांकडून तीं नांवें लिहूनच घ्यावीं. मात्र सुनेचें तेथील नांव सासरचें. तिचें माहेर, गांव, मूळचें नांव ह्यांचा पत्ता ना दप्तरांत, ना संकल्पांत.

तो असतो घरांतील वृद्ध स्त्रियांपाशीं. आमच्या वंशावळींत पणजोबांच्या नांवाखालीं तीन पुत्र एका ओळींत मांडले आहेत. एकदां सहज ती वाचून दाखवीत असतां नव्वदीच्या काकू म्हणाल्या, "अरे, पहिले दोघे कृष्णेचे. ती धारूरची. तिसऱ्याच्या वेळीं बाळ-बाळंतीण दोघेंही गेलीं. धाकटा तो दुसरीचा." हें काकूंना त्यांच्या सासूबाईंनीं सांगितलेलें. आमचे आजोबा त्या दोघांपैकीं थोरले. म्हणजे आम्ही सारे कृष्णेच्या पोटचे, आणि तिचें तें माहेरचें नांव आमच्या एकाही कागदावर नव्हतें.

हें मीं त्याच दिवशीं वहींत उतरविलें; कोणी सांगितलें, त्यांनीं कोणाकडून ऐकिलें, आणि तारीख, हीं तिन्ही घालून. स्मृतीला साक्षीदार लागतो. दोघींच्या सांगण्यांत फरक पडला तर दोन्ही तसेंच ठेवावें, आपल्या पदरचें जुळवून घेऊं नये. काकूंच्या थोरल्या नणंदबाई परळीस असतात, वय त्र्याण्णव. कृष्णेच्या माहेरचें आडनांव त्यांना आठवतें असें कळतें. पितृपक्षापूर्वींच जाऊन यावयाचें ठरविलें आहे.