पहिले होम थिएटर : आधी शब्द, मग गडगडाट

चित्रपटावर मराठीत जे लिहिले जाते त्यात दृश्याची चर्चा भरपूर असते. चौकट, प्रकाश, संकलन यांवर परिच्छेदच्या परिच्छेद येतात; ध्वनीच्या वाट्याला 'पार्श्वसंगीत परिणामकारक' एवढे प्रशस्तिपत्र येते आणि विषय संपतो. याला सैद्धांतिक कारणे असतीलच, परंतु एक अगदी घरगुती कारणही आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी चित्रपट ऐकलेले असतात ते टीव्हीच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून बसवलेल्या तळहाताएवढ्या स्पीकरांवर. वर्गात दाखवायचा तर प्रोजेक्टर बरा मिळतो, आवाज मात्र कोपऱ्यातल्या भाषणाच्या डब्यातून येतो. ज्याचे निम्मे शब्द कानांवर आलेच नाहीत त्याच्या भाषेविषयी समीक्षेने बोलावे तरी काय? पहिले होम थिएटर घेताना स्पीकर कोणते आणि रिसीव्हर कोणता, हा प्रश्न म्हणूनच आम्ही साहित्याच्या अभ्यासकांपुढे निःसंकोचपणे ठेवतो आहोत. आमचे म्हणणे असे की पहिला संच गडगडाटासाठी नव्हे, शब्दांसाठी निवडावा. तसे एकदा ठरले की खर्चाचा क्रम दुकानात सांगितला जातो त्याच्या बरोबर उलटा होतो.

दुकानात प्रथम वॉट सांगितले जातात, मग स्पीकरांची संख्या. १९९०च्या दशकातील टेपरेकॉर्डरांवर 'पीएमपीओ' या अक्षरांपुढे छापलेले हजार-दोन हजारांचे आकडे ज्यांना आठवतात त्यांना या खेळाची कल्पना असेल. त्या आकड्यांना कोणतेही सर्वमान्य माप नव्हते. अमेरिकेत अशाच फुगवलेल्या आकड्यांमुळे फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ साली अ‍ॅम्प्लिफायरच्या शक्तीविषयी नियम करावा लागला आणि २०२४ साली तो पुन्हा कडक करावा लागला. वस्तुस्थिती अशी की अ‍ॅम्प्लिफायर पन्नासाऐवजी शंभर वॉटचा घेतला तर आवाज वाढतो तो केवळ ३ डेसिबलने. कानाला आवाज दुप्पट वाटावा यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. उलट स्पीकरच्या माहितीपत्रकात 'संवेदनशीलता' म्हणून एक आकडा असतो: एक वॉट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल. तो ८७ऐवजी ९० असेल तर तेच ३ डेसिबल एकही जादा वॉट न खर्चता पदरात पडतात. दिवाणखान्यात साधा संवाद ऐकताना एक वॉटही पुरता वापरला जात नाही. बाकीचे वॉट स्फोटांसाठी राखीव असतात. स्फोटांवाचून आमचे फारसे अडत नाही.

संख्येचे प्रकरण याहून रोचक आहे. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि आपला चित्रपट बोलू लागला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लंडनमध्ये अ‍ॅलन ब्लूमलीन या अभियंत्याने स्टिरिओ ध्वनीच्या एकस्वासाठी अर्ज केला. बोलपट पाहताना नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडे, हे त्याला खटकले होते, असे सांगतात. पुढे १९३३च्या एप्रिलमध्ये बेल लॅबोरेटरीजने फिलाडेल्फियात चाललेली वाद्यवृंदाची मैफल तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात पोचवली, ती दोन नव्हे, तीन वाहिन्यांवरून. दोनच स्पीकर असले तर मध्यभागी बसलेल्यास आवाज मधून आल्याचा भास होतो. पण कडेला बसलेल्याचा तो भास मोडतो आणि सारे जवळच्या स्पीकरकडे ओढले जाते. मधला तिसरा स्पीकर या अडचणीवरचा उपाय आहे. आजच्या ५.१ मिश्रणात संवाद प्रामुख्याने याच मधल्या वाहिनीत असतात. डावी-उजवी संगीताला आणि हालचालीला, मागच्या दोन वातावरणाला, आणि '.१' म्हणजे खर्जाच्या परिणामांची मर्यादित वाहिनी. पाचांपैकी एकात जवळजवळ सगळे नाटक आणि पेटीबंद संचांत तोच स्पीकर सर्वांत किरकोळ, हा व्यवहार आम्हाला कधी समजलेला नाही.

त्यात आपली भाषा कानाकडून जरा अधिक अपेक्षा करणारी आहे. मराठीत 'च' आणि 'ज' ही अक्षरे प्रत्येकी दोन उच्चारांची आहेत, हे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे वार्धक्य; लिहिताना भेद नाही, बोलताना आहे. 'चार' आंबे आणि गुरांना 'चार', तीच गोष्ट. हा भेद घर्षणाचा आहे आणि घर्षणाची ऊर्जा काही हजार हर्ट्‌झच्या वरच्या पट्ट्यात असते, जिथे स्वस्त ट्वीटर एक तर चरचरतो किंवा गप्प बसतो. वयपरत्वे माणसाचे ऐकणे प्रथम मंदावते तेही नेमके याच पट्ट्यात. घरातील आजी-आजोबा 'आवाज वाढव, काय बोलतात कळत नाही' म्हणतात तेव्हा त्यांना आवाज नव्हे, व्यंजने हवी असतात. आवाज वाढवून स्वर मोठे होतात, व्यंजने तिथेच राहतात, आणि घरात भांडण होते. जरेला 'जरा' ऐकू यावे एवढी सोय तरी संचाने करावी.

आता निवड. बाजारातला मधला स्पीकर बहुधा आडवा असतो: दोन बाजूंना दोन वूफर आणि मध्ये ट्वीटर. टीव्हीखाली तो शोभतो, परंतु दोन्ही वूफर एकच स्वर वाजवत असल्याने कडेच्या श्रोत्यापर्यंत त्यांच्या लहरी वेगवेगळ्या वेळी पोचतात आणि काही स्वर एकमेकांना खोडतात. सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला संवाद पोकळ वाटतो तो यामुळे. शक्य असेल तर समोरचे तिन्ही स्पीकर एकाच घडणीचे, उभे आणि कानांच्या उंचीवर असावेत. ते जमत नसेल आणि पाहणारे एक-दोघेच असतील, तर मधला घेऊच नये. रिसीव्हरला 'मधला स्पीकर नाही' असे कळवले की तो संवाद डाव्या-उजव्यांत वाटून देतो. दोन चांगले स्पीकर सहा सामान्य स्पीकरांपेक्षा केव्हाही सरस, हे मत आम्ही चर्चेला खुले ठेवतो, पण बदलण्याची शक्यता कमी आहे. मागचे दोन पुढच्या वर्षी आले तरी चालतात. सबवूफर त्यानंतर. तो आल्यावर ८० हर्ट्‌झच्या आसपासची सीमा आखून खालचे स्वर त्याच्याकडे सोपवावेत, म्हणजे समोरच्यांवरचा भार हलका होतो.

रिसीव्हरविषयी मात्र फार हळवे होऊ नये. तो संगणकाच्या जातीचा आहे. पाच-सात वर्षांत एखादे नवे जोडणीचे प्रमाण येते आणि तो जुना होतो. स्पीकर हे कागद, कापड, तार आणि चुंबक यांचे यंत्र आहे. १९७०च्या दशकातील नीट राखलेले स्पीकर आजही वाजतात. म्हणून शंभरातील सत्तर रुपये स्पीकरांना आणि तीस रिसीव्हरला, असे आमचे ढोबळ गणित. त्या तिसात तीन गोष्टी पाहाव्यात: टीव्हीचा आवाज एकाच तारेने परत आणणारी ईआर्क जोडणी, मायक्रोफोन ठेवून खोलीनुसार स्वर सुधारण्याची सोय (ऑडिसी, वायपाओ, डिराक अशी तिची नावे), आणि मोठे-लहान आवाज जवळ आणणारा रात्रीचा मोड. शेवटची सोय क्षुल्लक नाही. निवासी भागासाठी २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे आणि सोसायटीतील शेजारी नियम न वाचताही ती पाळायला लावतात.

साउंडबार घेऊन हे सारे टाळता येणार नाही का? येईल. ज्यांना तारा नकोत आणि जागा नाही त्यांनी तो जरूर घ्यावा. टीव्हीच्या पाठीमागच्या स्पीकरांहून तो पुष्कळ बरा. परंतु त्याचा एखादा भाग निकामी झाला की बहुधा सबंध वस्तूच टाकावी लागते, आणि थोडे थोडे करून वाढवण्याची मुभा राहत नाही.

खोलीविषयी कोणी बोलत नाही, कारण ती दुकानात विकायला नसते. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमुळे ५६ आणि ४७ हर्ट्‌झच्या आसपासचे स्वर अकारण घुमतात. खोली दहा बाय दहा असेल तर दोन्ही घुमार एकाच ठिकाणी पडतात. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि काच यांवरून व्यंजने परतून येतात आणि एकमेकांत मिसळतात. जाड पडदा, सतरंजी आणि कोचाच्या मागे पुस्तकांचे कपाट यांनी जे साधते ते दुप्पट किमतीच्या रिसीव्हरने साधत नाही. पुस्तके उंचसखल लावलेली असावीत, म्हणजे ध्वनी विखुरतो. आमच्या बहुतेक वाचकांना यासाठी वेगळे कष्ट पडणार नाहीत.

आणि ऐकून पाहावे, पण डोळे बाजूला ठेवून. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली दाखवून दिले की स्पीकर दिसत असताना दिलेले गुण आणि पडद्याआड ठेवून दिलेले गुण जुळत नाहीत. आकार, किंमत आणि नाव कानांत शिरतात. शिवाय दोन स्पीकरांत जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, तेव्हा पातळी सारखी करून मागावी. दुकानातील झगमगीत नमुना नाकारून स्वतःचा चित्रपट न्यावा. 'कोर्ट' (२०१४) मधील न्यायालयाची लांबून घेतलेली दृश्ये उत्तम परीक्षा आहेत, कारण तिथे कोण बोलतो ते ओठांवरून नव्हे, कानांनी शोधावे लागते. 'सैराट'चे (२०१६) संगीत हॉलिवुडमध्ये सिंफनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झाले, आणि त्याच चित्रपटाचा शेवट निःशब्द आहे. दुकानदार गाणे लावील. आपण शेवट लावायला सांगावा. त्या शांततेत स्पीकरमधून भुणभुण ऐकू आली तर अर्थिंगची चौकशी करावी, आणि घरी जोडणी झाल्यावर तीच फीत पुन्हा एकदा लावून पाहावी.