खार, ससाणा आणि सागरेश्वरची हरणं

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांच्या परसात आता बर्ड फीडर टांगलेले दिसतात, याचा मला मनापासून आनंद आहे. बर्फ पडलं की कार्डिनल, चिकडी दाण्यांवर उतरतात आणि भारतातून आलेले आईवडील खिडकीपाशी तासन्‌तास रमतात. पण दोन तक्रारीही हमखास ऐकू येतात. खारी सगळे दाणे फस्त करतात, ही पहिली. ससाणा डोळ्यांदेखत पाखरू उचलून नेतो, ही दुसरी. मग खारीसाठी पिंजरा किंवा विष आणि ससाण्यासाठी थाळ्या बडवणं, असे उपाय सुचवले जातात. यातला एकही उपाय योग्य नाही असं माझं ठाम मत आहे, आणि ते सांगली जिल्ह्याकडे बघून झालेलं आहे.

कडेगाव तालुक्यात, यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्रे गावाजवळ, सागरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं. एके काळी तिथले डोंगर उघडेबोडके होते. धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, लोक जोडले, झाडं लागली, हरणं आली आणि १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं. माणसांनी हातांनी उभं केलेलं असं रान आपल्याकडे दुर्मीळ, आणि त्या कष्टांपुढे मी नतमस्तक आहे. पण चितळ-सांबरांना धाक वाटेल असं मोठं जनावर त्या रानात फार काळ नव्हतंच. कळप वाढत गेले. उन्हाळ्यात चारा-पाणी आटलं की हरणं कुंपणाबाहेर पडायची आणि भोवतालच्या उभ्या पिकात शिरायची. रात्रभर जागून उसाची राखण करणाऱ्या शेतकऱ्याने त्यांना उपद्रवी म्हटलं, तर त्यात त्याचं काय चुकलं?

त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, वारणेच्या खोऱ्यात, नेमकं उलट चित्र आहे. चांदोलीचं जंगल २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१० मध्ये साताऱ्याच्या कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. तिथे बिबटे आहेत, रानकुत्रे आहेत. पण वाघ टिकायचा तर त्याला पुरेसं भक्ष्य हवं. म्हणून गेल्या काही वर्षांत वन विभागाने सागरेश्वरची चितळं चांदोलीत नेऊन सोडली. कडेगावच्या शेतकऱ्याला नकोसं झालेलं जनावर चांदोलीत मोलाचं ठरलं. चितळ तेच; फरक एवढाच की इथे त्याला खाणारं कुणी नव्हतं आणि तिथे आहे.

आपला फीडर म्हणजे परसातलं छोटं सागरेश्वरच. सूर्यफुलाच्या बिया आपण रोज ओतायच्या आणि खाणाऱ्याला धाक मात्र कुणाचाच ठेवायचा नाही, मग खारी वाढणारच. एक खार पिंजऱ्यात धरून लांब सोडली तर तिच्या जागी शेजारची येते, कारण दाणे तिथेच असतात. शिवाय असं परस्पर सोडायला अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कायद्याने मनाई आहे. उलट तांबड्या शेपटीचा ससाणा झाडावर बसायला लागला की खारी संपत नाहीत, पण निवांत बसून खातही नाहीत. आयर्लंडमध्ये तर याहून मोठा पुरावा मिळाला. अमेरिकेतून नेलेल्या करड्या खारींनी तिथल्या तांबड्या खारींना हुसकून लावलं होतं. पाइन मार्टेन नावाचा, झाडावर सरसर चढणारा शिकारी तिथे पुन्हा वाढला, तशा मध्य आयर्लंडमधून करड्या खारी हटल्या आणि तांबड्या परतल्या.

विषाबद्दल मला जास्त कळकळीने लिहायचं आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातून २०२३ मध्ये सुटलेलं फ्लॅको हे घुबड आपल्यापैकी अनेकांनी हौसेने पाहिलं. २०२४ च्या फेब्रुवारीत ते मेलं. शवविच्छेदनात पारव्यांकडून आलेल्या विषाणूबरोबरच उंदीर मारायच्या औषधांचे अंश त्याच्या शरीरात सापडले. उंदरासाठी ठेवलेलं विष उंदरापाशी थांबत नाही. गावाकडेही उसाच्या फडातले उंदीर खाणारी धामण दिसताक्षणी ठेचली जाते, पिंगळा अपशकुनी म्हणून हाकलला जातो आणि मग दुकानातून विषाची पुडी येते. सातारा-सांगलीत ज्यांची घरं, शेती आहे, त्यांनी पुढच्या फोनवर हा विषय घरच्यांशी जरूर काढावा.

ससाण्याने पाखरू नेलं की जीव हळहळतो, हे मान्य. पण त्याला पोट आहे, पिल्लं आहेत. खरी काळजी मांजरांची करा. अमेरिकेत मांजरं दरवर्षी अब्जाहून जास्त पक्षी मारतात, असा २०१३ साली प्रसिद्ध झालेला शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पक्षी कमी झाले तर ससाणा दुसरीकडे जातो. मांजराला मात्र घरी वाटीत खाणं तयारच असतं. ते घरातच ठेवावं.

खारींसाठी साधे उपाय पुरतात. फीडर झाडापासून दूर, गुळगुळीत खांबावर लावून खाली शंकूच्या आकाराचा पत्रा बसवावा. दाण्यांना तिखट लावलं तर खारीला झोंबतं, पाखरांना जाणवतही नाही. ससाणा रोज ठाण मांडू लागला तर दोनेक आठवडे दाणे बंद ठेवावेत. पाखरं उपाशी मरत नाहीत, पांगतात.

मंडळाला माझी एक विनंती आहे. पुढच्या वसंतात मुलांची कार्यशाळा घेतलीत तर नुसते फीडर करू नका. त्याच फळ्यांतून स्क्रीच आउल या छोट्या घुबडासाठी पेट्याही होतात. लाकूड मी आणीन.