मासळीचा बाजार आणि घरची चूल

पालघर, बोईसर व तारापूर या टापूत मासळी ही चैनीची वस्तू नसून नित्याचे अन्न आहे. सातपाटीचे पापलेट तर सर्वविश्रुतच. 2023 साली महाराष्ट्र सरकारने पापलेटास राज्यमाशाचा मान दिला, हे उचितच झाले. परंतु बंदरावर उतरलेला मासा ताटात पडेपर्यंत त्याची कोणती अवस्था होते, याची पृच्छा जितकी व्हावयास पाहिजे तितकी होत नाही, हे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

घरोघरी अशी दृढ समजूत आहे की, मासळीस मीठ-हळद चोळली, आगळ लावले आणि ती चांगली शिजविली म्हणजे तिचे सर्व दोष जातात. ही समजूत अर्धीच खरी आहे. पुरेशा उष्णतेने रोगजंतू मरतात, यात शंका नाही. पण बांगडा, कुपा यांसारखी मासळी बर्फावाचून तासन् तास पडली म्हणजे जंतूंच्या क्रियेने तीत हिस्टामीन नामक द्रव्य उत्पन्न होते. आणि ते एकदा झाले की शिजविल्याने, तळल्याने वा आंबट घातल्याने नाहीसे होत नाही. मग जेवणानंतर थोड्याच वेळात तोंड लाल होते, अंगावर गांधी उठतात, मस्तक दुखते, उलट्या होतात. घरची माणसे ‘मासळी बाधली’ म्हणून सोडून देतात. वस्तुतः हा दोष सुगरणीचा नव्हे, बर्फाच्या अभावाचा होय.

सबब ग्राहकाने भावाची घासाघीस करण्यापूर्वी बर्फ पाहावा. डोळा स्वच्छ व फुगीर, कल्ला लाल, दाबल्यास खळगा न राहणारे अंग, ही ताजेपणाची लक्षणे सर्वांस ठाऊक आहेत. मात्र बोंबील मुळातच मऊ, त्यास शेवटची कसोटी लागू नाही. कच्ची मासळी चिरलेली विळी धुतल्यावाचून कोशिंबिरीस लावू नये. उरलेले कालवण रात्रभर चुलीपाशी न ठेवता लवकर थंड जागी ठेवावे. गर्भवतीने मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत, कारण त्यांत पारा साठतो. मांदेलीसारखी लहान मासळी तिला अधिक हितकर.

तिसऱ्या व कालवे यांची गोष्ट निराळी. हे जीव पाणी गाळून जगतात, म्हणून त्या पाण्यातील जंतू व धातू त्यांच्या अंगी उतरतात. जंतू शिजविल्याने मरतील. धातू मरत नाहीत. तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी खाडी-समुद्रात जाते, ही तक्रार घेऊन मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि 2022 साली लवादाने कारखान्यांवर भरपाईची जबाबदारी टाकली. कोणतीही गृहिणी कितीही दक्ष असली तरी खाडी काही पातेल्यात धुऊन काढू शकत नाही! तेथे कर्तव्य कारखानदारांचे व सरकारचे आहे.

कोणी म्हणेल, अशा लिहिण्याने लोक भितील आणि टोपलीवाल्या बाईचे पोट मारले जाईल. आमचा हेतू अगदी उलट आहे. मासळीइतके सकस अन्न गरिबास दुसरे सहजी मिळत नाही. ते सोडा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु बर्फाचा खर्च त्या बाईच्या टोपलीवर लादणेही न्यायाचे नव्हे. जी संस्था बाजारकर घेते, तिने पिण्यायोग्य पाण्याचा बर्फ, सावली, धुता येईल असा ओटा व वाहते पाणी द्यावे. 2006 सालचा अन्नसुरक्षेचा कायदा आहेच; पण नुसता दंड करणारा अंमलदार येण्यापूर्वी बर्फाची गाडी आली पाहिजे. व्यापारी बंधूंनीही ध्यानी धरावे की, नासलेल्या मालाने एक दिवसाचा नफा होतो व कायमचे गिऱ्हाईक जाते. नागरिकांनी ही मागणी एकमुखाने करावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.